एकच स्पीकर

शेषगिरीच्या दुकानात शिरल्यावर चंदनानं सगळ्यात आधी त्याला पंखा बंद करायला लावला.

“मॅडम, एप्रिल चाललाय,” तो कन्नडमध्ये म्हणाला.

“मला कॉम्प्युटरचा आवाज ऐकायचाय.”

“कॉम्प्युटर कुठं आवाज करतो?”

“करतो. तुम्ही दिवसभर त्याच्यात बसता, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही.”

शेषगिरीनं आशेनं तिच्याबरोबर आलेल्या रणवीरकडं पाहिलं. रणवीर हसला. “अक्का म्हणते तर करा बंद. घाम मी पुसून देतो तुमचा.”

पंखा थांबला. काउंटरवर उघडी ठेवलेली कॅबिनेटं चंदनानं एकेक चालू करायला लावली. तिसरी ऐकून झाल्यावर तिनं दुसरीवर बोट ठेवलं. “हे. पण याचासुद्धा पंखा बदलून द्या. मोठा घाला, सावकाश फिरणारा.”

१९९८ साली बेंगळूरच्या एस. पी. रोडवरची निम्मी दुकानं मोटारी आणि पंपांच्या सुट्या भागांची होती, निम्मी कॉम्प्युटरची. शेषगिरीचं दुकान बरोबर मध्ये पडायचं. दारात बेअरिंगच्या तेलाचा वास, आत नव्या प्लास्टिकचा. इथं सुटे भाग निवडून मशीन जोडून घेतलं, तर मोठ्या शोरूमपेक्षा चांगलं मिळतं असं रणवीरचं म्हणणं होतं.

चंदना एका कॅसेट कंपनीच्या स्टुडिओत चौदा वर्षं ध्वनिमुद्रक होती. फेब्रुवारीत कंपनीनं स्टुडिओ बंद केला, टेपची मोठी यंत्रं भंगारात घातली आणि माणसांना घरी पाठवलं. रणवीर तिचा मामेभाऊ, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याच्या मनात राजाजीनगरच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत स्टुडिओ काढायचं होतं. टेप नाही, मोठं मिक्सर नाही, सगळं एका कॉम्प्युटरवर. प्रोग्रॅम चालवणं त्याचं काम, ऐकणं तिचं. ‘अक्काचे कान आणि माझा की-बोर्ड’ असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता, आणि त्या जोरावर सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीची नोटिसही देऊन बसला होता.

त्या दोन कानांतला डावा कान संक्रांतीपासून गेलेला होता. हे दोघांनाच माहीत होतं: चंदनाला आणि कानाच्या डॉक्टरला.

एका सकाळी ती उठली तेव्हा डावी बाजू बंद होती. सर्दी असेल म्हणून तिनं सोडून दिलं. जमनाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, सर्दीच आहे असं धरून लसणीचं तेल कोमट करून दिलं. ते कानात घालून, वर कापूस कोंबून ती रोज येलहंक्याहून स्टुडिओत जात राहिली, कारण कंपनीच्या शेवटच्या कॅसेटी निघायच्या होत्या आणि एका कानानंही काम होतच होतं. डॉक्टरकडं गेली तेव्हा त्यानं तपासून विचारलं, पहिल्याच आठवड्यात का आला नाहीत? तेव्हा औषधाचा उपयोग झाला असता, कदाचित. आता नाही. “दुसरा उत्तम आहे,” तो म्हणाला. तिनं आभार मानले आणि बस पकडली. बसमध्ये आता रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही. पुढंही आलं नाही. जेवण, झोप, काम सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. फक्त जिथं काहीतरी वाटायला हवं होतं तिथं, दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ लागतो, तसं काहीतरी जड आणि परकं होऊन बसलं होतं.

त्यामुळे खरेदी मात्र तिला बरी जमत होती. खरेदी करायला काही वाटावं लागत नाही.

शेषगिरीनं साउंड कार्डाचे दोन खोके पुढं ठेवले. एकावर आग ओकणारा राक्षस होता. दुसरा साधा पांढरा, सिंगापूरहून कोणाच्या तरी बॅगेतून आलेला.

“हे राक्षसवालं हातोहात जातं,” शेषगिरी म्हणाला.

“घेऊन काय करतात लोक?”

“मुलं गेममध्ये गोळ्या झाडतात. काय आवाज येतो, मॅडम! भिंत हलते.”

“आम्हाला भिंत हलवायची नाही. दोन्ही लावून दाखवा.”

कार्ड बसवल्यावर तिनं त्याला काहीच जोडलं नाही. रणवीरला सांगून आत येणाऱ्या आवाजाची पातळी पूर्ण वर नेली, हेडफोनचा एक पेला उजव्या कानाला लावला, दुसरा डोक्यामागं सरकवला आणि डोळे मिटून उभी राहिली. ध्वनिमुद्रक असेच ऐकतात, एक कान कामात, एक खोलीत. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. मग तिनं हेडफोन उलटा केला आणि दुसरी बाजू त्याच कानानं ऐकली.

“काय ऐकताहेत?” शेषगिरीनं दबक्या आवाजात रणवीरला विचारलं. “काही लावलेलं तर नाही.”

“तेच ऐकतेय. काही नसताना काय येतं ते.”

राक्षसाच्या कार्डात सतत वाळू सांडल्यासारखी सरसर होती, आणि हार्ड डिस्क फिरली की त्यात बारीक कुरकुर मिसळायची. एका गाण्यासाठी आठ वेळा एकावर एक मुद्रण करायचं तर ही सरसर आठपट होणार. पांढऱ्या खोक्यातलं कार्ड जवळजवळ मुकं होतं. तिनं आणखी एक परीक्षा घेतली. आधीचं मुद्रण ऐकत ऐकत पुढचं मुद्रण करता यायला हवं, आणि दोन्ही नेमकी एकावर एक बसायला हवीत. रणवीरला काउंटरवर टिचक्या मारायला लावल्या, मग त्या टिचक्या ऐकत पुन्हा टिचक्या मारायला लावल्या. राक्षसाच्या कार्डात दुसरी टिचकी मागं पडत होती, पायाला ठेच लागलेल्या माणसासारखी. पांढऱ्यात नव्हती.

“हे,” ती म्हणाली.

“सरी,” म्हणजे बरं, म्हणत शेषगिरीनं राक्षस उचलून ठेवला. “रॅम बत्तीस पुरेल.”

“चौसष्ट. आणि हार्ड डिस्क दोन लावा. एकीवर प्रोग्रॅम, दुसरीवर नुसता आवाज.”

“दोन? लग्नाचा हॉल उघडताय की काय?”

“एकीलाच दोन्ही कामं दिली तर गाणं मध्येच अडखळतं,” रणवीर म्हणाला. हे त्यानं तिच्याचकडून कालच ऐकलं होतं.

गोष्ट स्पीकरपाशी येऊन अडली. शेषगिरीनं वरच्या फळीवरून काळी जोडी काढली. चंदनानं एकच वाजवून पाहिला, जाळीवर हात फिरवला आणि म्हणाली, “चांगला आहे. एक द्या.”

“एक म्हणजे एक जोडी.”

“एक म्हणजे एक.”

रणवीरला वाटलं ती चेष्टा करतेय. “अक्का, स्टिरिओ कसा ऐकायचा मग?”

“तू सांग, आपण करणार त्या कॅसेटी कुठं वाजणार?”

“कुठंही.”

“देवळात वाजणार. रिक्षात. गणपतीच्या मांडवात, कर्ण्यावर. कर्ण्याला डावं-उजवं असतं का?”

“नसतं.”

“मग जे लोक ऐकणार तेच आपण ऐकायचं. एका स्पीकरवर चांगलं लागलं की सगळीकडं लागतं. शिवाय डिस्कवर जागा निम्मी.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ती ते म्हणू शकत होती. चौदा वर्षांत तिनं कधीही एका स्पीकरवर काम केलं नव्हतं, आणि असं म्हणणाऱ्या दोघातिघांना आळशी म्हणून झाडलंही होतं. पण खरं वाक्य कुठल्या कामाला लावलंय ते समोरच्याला दिसत नाही. रणवीरनं मान डोलावली. माईकही एकच घेतला, भारीतला.

“जोडी तोडून घेता, मॅडम,” शेषगिरी बिल करताना कुरकुरला. “राहिलेला हा विधुर मी कोणाच्या गळ्यात बांधू?”

रणवीर खदखदून हसला. चंदनाही हसली. हसायची जागा तिला बरोबर कळत होती.

*

गच्चीवरची खोली लावायला पंधरवडा गेला. भिंतींना काथ्याच्या चटया, त्यावर जुन्या गाद्या. कॉम्प्युटर खोलीत ठेवायचाच नाही, बाहेर जिन्याच्या माथ्यावर ठेवून तारा भिंतीतल्या भोकातून आत आणायच्या, असं चंदनानं सांगितलं. फक्त मॉनिटर आणि की-बोर्ड आत. माईकमध्ये गुणगुण येत होती म्हणून तिनं अंगणात अर्थिंगसाठी वेगळा खड्डा खणवला. त्यात मीठ आणि कोळसा टाकताना जयसिंगराव पायरीवर बसून पाहत होते. ते रणवीरचे वडील, चंदनाचे मामा.

“मूठभर हळद-कुंकू पण टाका की,” ते म्हणाले. “भूमिपूजनाचं भूमिपूजन होईल.”

“अप्पा, गप बसा स्वल्प,” रणवीर म्हणाला.

“बसलोच आहे. येलहंक्याला केलं असतं तर हिला जवळ पडलं असतं.”

“तिथं डोक्यावर विमानं, मामा,” चंदना म्हणाली. “प्रत्येक ओळीला एक.”

पहिलं मोठं गिऱ्हाईक रणवीरनंच आणलं. मल्लेश्वरमच्या अहल्या नावाच्या नृत्यशिक्षिका होत्या. त्यांच्या मुलींच्या नृत्यनाट्याची गाणी रेकॉर्ड करायची होती. दोन गायिका, वीणा, बासरी, मृदंग, झांजा. चंदनानं पूर्वी कंपनीत त्यांची एक कॅसेट केली होती. तिचं नाव ऐकून त्यांनी लगेच होकार दिला होता.

“सोमवारी येतायत,” रणवीर जेवताना म्हणाला. “पण त्यांना हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी हवंय. वीणा एकीकडून, बासरी एकीकडून. राम इकडून येतो, सीता तिकडून, तसं काहीतरी. म्हटलं, अक्का आहे. काळजी नको.”

चंदनानं भातावर सार वाढून घेतलं. “हो म्हणालास?”

“नको म्हणायला पाहिजे होतं?”

“नाही.”

तिनं जेवण संपवलं. आपल्याला भीती वाटतेय का, हे तिनं तपासलं. दोन्ही बाजूंच्या कामात वीणा किती डावीकडं, बासरी किती उजवीकडं, गायिका मधोमध की केसभर सरकलेली, हे ठरवणं म्हणजेच सगळं काम. तिला आता सगळा आवाज एकाच बाजूनं यायचा, उजवीकडून. रिक्षा, आई, कुकरची शिट्टी, सगळं उजवीकडून. सोमवारी हे उघडं पडलं तर या खोलीत तिचं काही काम उरत नव्हतं. आणि तिच्यावाचून रणवीरच्या हातात उरणार होती ती नुसती गाद्या ठोकलेली खोली. हे तिला स्वच्छ दिसत होतं. भीती मात्र सापडली नाही.

रविवारी दुपारी चाचणी घ्यायची ठरली. गायला जयसिंगराव. घरच्या गोंधळात दर वर्षी तेच तुणतुणं धरून देवीला बोलावायचे. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर झालं की शेवटी बेंगळूरच्या अण्णम्मालाही आवतण असायचं. पिढ्यानपिढ्या इथं राहून तिला वगळलं तर ती रागावेल, असं त्यांच्या आजोबांनी ठरवून टाकलं होतं.

“दिवटी पेटवल्याशिवाय मी म्हणत नसतो,” जयसिंगराव खोलीच्या दारातच म्हणाले.

“मामा, आत गाद्या आहेत. काथ्या आहे.”

“मग देवीला काय सांगू? गाद्या आहेत, येऊ नको?”

“आणि ज्योत फडफडली की माईकमध्ये येते.”

“येऊ दे की. तिचाच आवाज तो.”

शेवटी दिवटी गच्चीवर, दाराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला लागली. जयसिंगरावांना ती दिसावी म्हणून दाराची काच पुसून घेतली. त्यांनी एकदा नुसतं तुणतुणं वाजवलं, मग हेडफोनमध्ये ते ऐकत गायले. चंदनानं माईक त्यांच्या तोंडापासून जरा खाली, छातीच्या रोखानं धरला. वय झालेल्या आवाजातली खरखर त्यामुळं कमी येते. मुद्रण पहिल्याच खेपेला चांगलं आलं. तिनं पातळी पाहिली, सूर ऐकला, एका ठिकाणी श्वास मोठा आला होता तो कुठं आहे ते रणवीरला बोटानं दाखवलं. ही कामं एका कानानं होत होती. पूर्वीइतकीच चोख होत होती.

“आता डोळे मीट,” रणवीर म्हणाला.

“का?”

“मीट की, अक्का.”

तिनं मिटले. काहीतरी जड वस्तू टेबलावर ठेवल्याचा आवाज उजवीकडून आला, म्हणजे तो कुठूनही असू शकत होता. तिनं डोळे उघडले तेव्हा टेबलाच्या दोन टोकांना दोन काळे स्पीकर होते.

“शेषगिरीचा फोन आला होता. म्हणाला, तुमच्या अक्कांनी टाकलेला विधुर अजून पडून आहे, कोणी हात लावत नाही. घेऊन आलो. अहल्या मॅडमच्या कामाला लागेलच ना? आता बैस मध्ये. बोट दाखव.”

बोट दाखवणं ही तिचीच पद्धत होती. कंपनीत नवा माणूस आला की ती त्याला दोन स्पीकरच्या बरोबर समोर, तिघांचा त्रिकोण होईल अशा खुर्चीत बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि एकेक वाद्य जिथं ऐकू येतंय तिथं बोट दाखवायला सांगायची. बोट चुकलं की माणूस अजून कच्चा. तिचं स्वतःचं बोट स्टुडिओत प्रसिद्ध होतं. रणवीर शाळेत असताना सुटीत तिथं येऊन ते बघत बसायचा.

ती खुर्चीत बसली. जयसिंगराव दाराशी स्टुलावर टेकले. रणवीरनं माउस हलवला.

आधी तुणतुणं आलं, मग मामांचा आवाज. दोन्ही उजवीकडून. तिला ते अपेक्षितच होतं. पण तिनं आणखी थोडं ऐकलं. तुणतुण्याच्या तारेचा चावरा टोकदारपणा जसाच्या तसा कानात येत होता. मामांचा आवाज मात्र कडा घासून काढल्यासारखा बोथट होता, आणि त्यांच्या प्रत्येक ‘स’ला दाराच्या काचेवरून परत आल्यासारखी बारीक चमक होती. बारीक आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणजे तुणतुणं तिच्या चालत्या कानासमोर होतं. मामा पलीकडं.

तिनं डोळे मिटूनच उजवा हात उचलला. “तुणतुणं इथं.” मग डावा. “मामा इथं.”

“बघा!” रणवीरनं टेबलावर थाप मारली. “अप्पा, बघितलं? एवढे दिवस एका स्पीकरवर बसूनसुद्धा! जरा गंज नाही. उद्या अहल्या मॅडमना हेच करून दाखव, काम संपलं.”

जयसिंगरावांनी कौतुकानं जीभ टाळूला लावून आवाज काढला.

चंदनानं डोळे उघडले. उत्तर बरोबर होतं. दोन वाद्यं, दोन टोकं, असा हिशेब पुन्हाही बरोबर आला असता. उद्या सहा असणार होती, आणि कुठलंच टोकाला नसणार होतं. त्याही वेळी ती काहीतरी बोट दाखवणार, आणि हा मान डोलावणार, कारण अक्काचं बोट आहे. चुकीच्या जागी बसलेली वीणा हॉलभर तिच्या नावानं वाजणार. छापून आलेली चूक दुरुस्त करावी त्या सुरात ती बोलली.

“रणवीर, हे ऐकून आलेलं नाही. हिशेबानं आलं.”

“म्हणजे?”

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. काहीच. संक्रांतीपासून.”

रणवीर हसायच्या बेतात होता, तो तसाच राहिला. स्पीकरमधून मामांचा आवाज चालूच होता. त्यानं हात लांबवून तो बंद केला.

“काहीच?”

“काहीच. डॉक्टरनं सांगितलं, परत येणार नाही.”

“कोणता म्हणालीस?” जयसिंगरावांनी विचारलं.

“डावा, मामा.”

“अय्यो. मी इतके दिवस त्याच बाजूला बसून बोलतोय की. म्हटलं पोरगी हल्ली माझ्या विनोदाला हसत नाही.”

रणवीर उठून उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर काय करायचं ते न सुचून पुन्हा बसला.

“एक स्पीकर,” तो म्हणाला. “म्हणून एक?”

“हो.”

“देऊळ, रिक्षा, कर्णा, ते सगळं खोटं?”

“ते खरं आहे. पण मी त्यासाठी सांगितलं नव्हतं.”

“मी नोटिस दिली, अक्का. कोणाच्या जोरावर दिली ते तुला माहीत होतं. बाजारात माझ्याशेजारी उभी राहून पंखे बंद करत होतीस. तेव्हा नाही सांगता आलं?”

“येत होतं. सांगितलं नाही.”

“का?”

तिनं प्रामाणिकपणे कारण शोधलं. “सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आता काय. माझ्याकडं उत्तर नव्हतं.”

“आता आहे?”

“थोडं आहे.” तिनं समोरच्या टेबलावर तळवा ठेवला. “माईक कुठं, कोण किती जवळ, सूर, लय, पातळी, आवाज स्वच्छ आला की नाही, हे मी करते. आजचं ऐकलंस तू. त्याला एक कान पुरतो. कोणाला कुठं बसवायचं, हे मी करायचं नाही. त्याला दोन कानांचा माणूस पाहिजे. कंपनीत माझ्या हाताखाली प्रतापराव होता. जाहिरातींच्या एका स्टुडिओत आहे आता, संध्याकाळी मोकळा असतो. तो येईल.”

“तुझ्या हाताखालचा.”

“बोट त्याचं चांगलं आहे.”

“आणि कॅसेटवर नाव?”

“ध्वनिमुद्रण माझं. मिक्सिंग त्याचं.”

मिक्सिंगचं नाव वेगळं छापणं म्हणजे काय, हे रणवीरला कळत होतं. त्या धंद्यात लोक मिक्सिंगच्या नावाकडं बघून काम देतात. त्यानं मॉनिटरवरच्या दोन हिरव्या पट्ट्यांकडं पाहिलं. राग त्याच्या कानांच्या पाळ्यांत दिसत होता. त्या लाल झाल्या होत्या. चंदनानं तेही नोंदवलं, आणि त्याचंही तिला काही झालं नाही.

“अहल्या मॅडम तुझ्या नावावर येतायत,” तो शेवटी म्हणाला. “मी सांगणार नाही त्यांना. तू सांग. आत्ता. त्या नको म्हणाल्या तर नको. मग बघू माझ्या नोटिशीचं काय करायचं ते.”

“सरी.”

फोन खाली दिवाणखान्यात होता. रणवीर तिच्या मागोमाग उतरला. जयसिंगराव दिवटी विझवायला म्हणून मागं राहिले होते, पण तीही न विझवताच आले आणि जिन्याच्या तळाशी थांबले. चंदनानं नंबर फिरवला. पलीकडून मुलींचा गलका आला, कोणीतरी ताल मोजत होतं. मग अहल्या आल्या.

“मॅडम, चंदना बोलतेय. उद्याच्या आधी एक सांगायचंय. माझा एक कान गेलाय. रेकॉर्डिंग मी करेन, पण डावं-उजवं बसवायचं काम दुसरा माणूस करेल. माझ्याकडंच शिकलेला आहे. तुम्ही माझ्यासाठी येणार होतात. चालत नसेल तर आत्ता सांगा, राग नाही.”

कन्नडमध्ये हे सगळं सहा-सात वाक्यांत झालं. जानेवारीपासून आजपर्यंत जे तिनं कोणापुढं काढलं नव्हतं ते बोलायला एवढाच वेळ लागला. पलीकडं मागं ताल मोजणं चालू होतं. रणवीर भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

“दुखतं का?” अहल्यांनी विचारलं.

“नाही.”

“मागच्या वेळी मृदंगाला माईक तुम्ही लावलात, तसा कोणी लावला नव्हता. या वेळी तुम्हीच लावणार ना?”

“मृदंगाचा माईक मीच लावणार.”

“मग बाकी कोण काय करतो ते तुमचं तुम्ही बघा. थांबा, मला दुसरंच विचारायचं होतं. गेज्जे आणायचे का?” गेज्जे म्हणजे मुलींच्या पायांतले घुंगरू. “मागच्या खेपेला आम्ही बांधून नाचलो तर नुसता खणखणाट आला होता कॅसेटमध्ये. नको आणू?”

“आणा,” चंदना म्हणाली. “पण सगळ्यांनी नको. एकच मुलगी, जिचा पाय साफ पडतो ती. तिला आम्ही वेगळी घेऊ, गाणी झाल्यावर. फरशीवर नाही नाचायचं. फळीवर. फरशीवर टाच बसली की ठोका दगडासारखा येतो.”

“फळी आहे तुमच्याकडं?”

चंदनानं फोनवर हात ठेवून वळून पाहिलं. “मामा, घरात फळी आहे? माणूस उभा राहील एवढी?”

“पाट आहे. देवाचा.”

“पाट नको.”

रणवीर भिंतीपासून सुटा झाला. कोपऱ्यातल्या जुन्या कपाटापाशी जाऊन त्यानं दार उघडलं, खालच्या खणातले वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाहेर काढून जमिनीवर ठेवले आणि फळी हलवून पाहिली. ती निघाली. त्यानं ती उभी धरली, रुंदी वितीनं मोजली आणि तिच्याकडं न बघता विचारलं, “सागवान आहे. चालेल का जाड?”

“टिचकी मार,” ती म्हणाली.

त्यानं मारली.

“चालेल. खाली गोधडी घालू.” तिनं हात काढला आणि फोनमध्ये म्हणाली, “आहे, मॅडम. या तुम्ही.”